गवताची मुळं

२०१४ साल, मी सदुसष्ट वर्षांचा. माळाची माती तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, अर्ध्या माळावर दोन पावसाळे गुरं सोडू नका. गवताला दम खाऊ द्या."

"गवताला विचारून आलात का? आणि गुरं काय माती खातील?"

"विचारलं ना, खणून," बाई हसल्या. माझ्या तळहातावर त्यांनी दोन मुळं ठेवली. चरलेल्या गवताचं बोटभर; काट्याआड वाचलेल्याचं पार मनगटाखाली लोंबणारं.

जन्म माळावर गेला, पण वर पातं खुडलं की खाली मूळही आखडतं, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. आता भर उन्हाळ्यात गोठ्यात गवत असतं, तेव्हा त्या बाई आठवतात. उपकारच म्हणायचे.

त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे अर्ध्या माळाकडे जाणारी गुरांची रोजची वाट मीच बाभळीचे काटे टाकून अडवली.