मास्तरीण दोनदा बसली

माझी वहिनी आठ वर्षं बिनवासाच्या साबणानं अंघोळ करते. पावडर नाही, अत्तर नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. दादा म्हणतो, "लग्न माझ्याशी केलं, पण मर्जी सांभाळते कुत्रीची." मी हसतो. पण खरं सांगायचं तर इतका जीव ओतून काम करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि कौतुकाच्या बाबतीत मी तसा कंजूषच आहे.

वहिनी जंगलखात्याच्या तपासणी नाक्यावर कुत्री घेऊन गाड्या तपासायची. मी त्याच नाक्यावर कारकून. खिडकीत बसून गाड्यांची नोंद करायची आणि दांडा वर-खाली करायचा, एवढंच माझं शौर्य. कुत्रीचं नाव मास्तरीण. ते आम्हीच पाडलं, कारण ती प्रत्येकाकडे गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं बघते. शिकार करून चोरून नेलेली कातडी, शिंगं, खवले मांजराचे खवले, असल्या मालाचा वास आला की ती भुंकत नाही, तिथेच बसते. मग वहिनी खिशातून रबरी चेंडू काढून तिला द्यायची. त्या एका चेंडूसाठी मास्तरीण दिवसभर उन्हात चाकं हुंगत फिरे. आम्ही एवढ्या पगारात तेवढं करत नाही.

पण मास्तरीण आता म्हातारी होत चालली होती. गेल्या वर्षी ती एका गाडीपाशी बसली आणि आत काहीच निघालं नाही. तिच्या कार्डावर लाल फुली पडली. दुसरी पडली की नोकरी संपली, रवानगी थेट मुख्य कचेरीच्या श्वानगृहात, पिंजऱ्यात. तेव्हापासून वहिनीचा जीव टांगणीला लागला होता.

एका सकाळी सुक्या मासळीचा ट्रक आला. वास असा, की मी खिडकीची काच ओढून घेतली. मास्तरीण मागच्या चाकापाशी गेली आणि बसली.

ट्रकवाला खो-खो हसला. "बाई, भूक लागली असेल तिला. देऊ का दोन मासे?"

वहिनीनं एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा कुत्रीकडे. झडती घेतली आणि काही निघालं नाही, तर फुली ठरलेली. तिनं दोरी ओढली. मास्तरीण चार पावलं आली, वळली आणि परत जाऊन तिथेच बसली. वहिनीनं पुन्हा ओढली, या वेळी जरा जोरात. मग माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'कुत्री बसली नाही', आणि दांडा वर केला.

दुपारी फोन आला. तोच ट्रक पुढे वळणावर कलंडला होता आणि मासळीखाली तीन पोती खवले सापडले होते. साहेब चौकशीला निघाले होते.

"वहिनी, गप्प बसायचं," मी म्हणालो. "कुत्री म्हातारी झाली, नाक गेलं, तिला दुसरी फुली पडेल, विषय संपला. तुम्हाला नवं पिल्लू मिळेल. खरं सांगितलंत तर दोरी कायमची काढून घेतील." यात मी माझीही कातडी वाचवत होतो, तेही सांगून टाकतो.

वहिनी मास्तरिणीला पाणी पाजत होती. "नाक तिचं शाबूत आहे, भावोजी. घाबरले ती मी. किती मुकी जनावरं मारली असतील तीन पोत्यांसाठी! आणि जिनं पकडून दिलं, तिलाच पिंजऱ्यात पाठवू? रजिस्टर काढा."

मी 'बसली नाही' खोडून 'दोनदा बसली' लिहिलं, खाली सही केली. साहेब तासभर तापले. मलाही झापलं, ते रास्तच होतं. मास्तरिणीच्या कार्डावर फुली पडली नाही, तिचं काम चालू राहिलं. दोरी मात्र दुसऱ्याच्या हाती गेली आणि वहिनीची बदली झाली रोपवाटिकेत, रोपांना पाणी घालायला.

दुसऱ्या दिवशी नवा माणूस आला, दाढी करून, गालाला घमघमीत काहीतरी चोपडून. वहिनी म्हणाली, "उद्यापासून हे लावायचं नाही. आणि ती बसली की तुम्ही हलायचं नाही. लोक हसले तरी."

मग दोरी देण्याआधी ती मास्तरिणीला घेऊन, काल जिथे ट्रकचं मागचं चाक होतं तिथे गेली. तिला बसवलं, चेंडू दिला. चेंडू परत घेतला, पुन्हा बसवलं, पुन्हा दिला. मला ते बघवेना.

"वहिनी, आता देऊन काय उपयोग? कालचं तिला काय कळणार?"

"मला कळतं ना," वहिनी म्हणाली. "दोनदा बसली होती ती."

मागे गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे हॉर्न वाजवत होते. मी दांडा वर केला नाही.