सुप्याच्या माळावरची लांडग्यांची जोडी

लांडगा बघायला पुण्याहून निघालो आणि सुप्याच्या फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. वनरक्षक सविताताई मोटरसायकल घेऊन थांबल्या होत्या. कारखान्यांच्या कुंपणामागे डांबरी रस्ता संपला आणि वाळलेल्या गवताचा पिवळा माळ सुरू झाला.

इथला लांडगा मधल्या काळात नाहीसाच झाला होता. लोकांनी बिळांत धूर कोंडला, मेलेल्या जनावरांत विष भरलं. पुढे वनखात्यानं माळाचा एक तुकडा नांगर न लावता राखला. आधी हरणं आली, मग लांडग्यांची एक जोडी. सविताताई हे सांगत असतानाच बाभळीच्या काट्यानं चाक बसलं. आम्ही चालत निघालो. वाटेत त्यांचा फोन वाजला. भागूबाई नावाच्या धनगर बाईची मेंढी पहाटे लांडग्यानं मारली होती.

वाड्यावर (मेंढपाळांच्या मुक्कामी) पोचलो तर भागूबाईंचा दीर म्हाळू मेलेल्या मेंढीपाशी बसलेला. हातात फवारणीच्या औषधाची बाटली.

"बिळात पिल्लं आहेत," सविताताई म्हणाल्या. "आईबाप मेले तर तीही जगायची नाहीत."

"मग आमच्या मेंढरांनी काय पाप केलंय?" म्हाळू म्हणाला.

सविताताईंनी पंचनाम्याचा कागद काढला.

भागूबाई पुढे आल्या. "मागं असंच अवशद घातलं हुतं. लांडगा न्हाई मेला. माझा मोत्या मेला, तोंडाला फेस येऊन." त्यांनी हात पुढे केला. "आन ती बाटली."

"वैनी, उद्या आणखी एक नेईल."

"मेंढी माझी हाय, म्हाळू."

त्यानं बाटली दिली. भागूबाईंनी ती सविताताईंच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "आता वाघूर बघा. फाटलीय." वाघूर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी. आम्ही सगळे ती सांधायला बसलो. मी मारलेल्या गाठी भागूबाईंनी सोडल्या आणि पुन्हा मारल्या.

मेलेली मेंढी म्हाळूनंच दूरच्या बांधापलीकडे ओढून टाकली. दुपारी भाकरी खाताना सविताताईंनी बोट दाखवलं. गवताच्याच रंगाची लांडग्याची मादी बांधावर उभी होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, खाली उतरली, घाईघाईनं खाल्लं आणि टेकडीकडे पळाली.

"पोटातलं वकून पिल्लास्नी घालाया गेली," भागूबाई म्हणाल्या आणि जेवू लागल्या. म्हाळूनं तिकडे पाठ केली होती.

संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला परतलो. घरच्यांनी लांडगा दिसला का विचारलं. दिसला, म्हणालो, अगदी भरदिवसा. सगळ्यांना आनंद झाला. तो दिसावा म्हणून मी एक सुट्टी खर्च केली होती. तो जगला, कारण भागूबाईंनी मेलेल्या मेंढीवरचा राग गिळला होता, आणि उद्या दुसरी मेली तर तो त्यांना पुन्हा गिळावा लागणार होता.