काका ऐकत नाहीत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर माझ्या तोंडावर हसायचं नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी महाडला विवाह समुपदेशन करते. मानसशास्त्रात एम.ए., वर डिप्लोमा, शिवाय बारा वर्षांचा अनुभव. कुठलेही नवराबायको येवोत, माझा पहिला सल्ला ठरलेला: एकमेकांचं ऐका.

एका बुधवारी उमरठकडचं एक जोडपं दारात आलं. दोघेही सत्तरीपुढचे, पोलादपूरला गाडी बदलून आलेले. काकी पुढे, काका मागे. या वयात संसार सावरायला एवढ्या लांब आलेत, म्हटल्यावर मला भरूनच आलं.

"बसा. काय त्रास होतोय?"

"हे काय ऐकत नाय बघा," काकी म्हणाल्या.

घ्या, म्हणजे माझाच विषय.

"कधीपासून?"

"चार वर्सं झाली. आधी चांगले ऐकायचे."

"मुलांचं तरी ऐकतात?"

"मुलगा मुंबईवरून फोन करतो. त्याचं तर अजिबातच नाय."

मी काकांकडे पाहिलं. ते निवांत भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. काय हा बेफिकीरपणा! मी वहीत 'संवाद तुटलेला' असं लिहिलं आणि खाली जाड रेघ मारली.

"मग तुम्ही काय करता?"

"वरडते. आजूबाजूची म्हणतात, म्हातारी रोज भांडते."

"काकी, ओरडल्यानं माणूस दूर जातो."

"नाय गो बाय, वरडलं की हे जवळ येतात."

इथे तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? पण डिप्लोमा आडवा आला.

"पण बाय, ते मशीन—"

"मध्ये बोलू नका काकी. आधी माझं पूर्ण ऐकून घ्या."

आणि मी सुरू झाले. मान-अपमान, राग, रुसवा, सगळं झालं. शेवटी दोघांना समोरासमोर बसवलं. "त्यांच्याकडे बघा आणि मनातलं सावकाश सांगा. एकेक शब्द सुटा."

काकी जरा लाजल्या. मग काकांकडे बघून एकेक शब्द म्हणाल्या, "भूक... लागली... का?"

"लागली ना," काका लगेच म्हणाले. "पण ह्या डॉक्टरीण कान कवा तपासणार?"

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

कानाचे डॉक्टर समोरच्या खोलीत बसतात, फक्त बुधवारी, बारापर्यंत. घड्याळात बारा वाजून गेलेले. पुढचा बुधवार म्हणजे या दोघांना पुन्हा तेवढाच प्रवास. मी चप्पल न घालताच जिना उतरले, डॉक्टरांच्या निघालेल्या गाडीसमोर हात पसरून उभी राहिले आणि त्यांना अक्षरशः ओढून वर आणलं.

त्यांनी काकांचे दोन्ही कान तपासले, मशीनचं माप घेतलं. मी दारात उभी, मान खाली. डॉक्टर बॅग आवरायला लागले, तशी काकींनी त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"डॉक्टर, आता ह्या बायचे पण बघून घ्या. तासभर सांगतेय, हिला काय ऐकायला येत नाय."