माझी गोळी, तिची झोप

मी ज्युनियर कॉलेजात विज्ञान शिकवते. करणी, भानामती असलं काही कुणी सांगितलं की मीच त्यांची टर उडवायची, त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहिते.

मी अमरावतीला, धाकटी बहीण सुषमा अकोल्याला. दोन वर्षांपासून माझ्या अंगावर गांधी उठतात. आमसुलाचं पाणी झालं, घोंगडी पांघरून झाली, शेवटी डॉक्टरांनी हायड्रॉक्सिझिनची गोळी दिली. झोप येईल, गाडी चालवू नका म्हणाले. खाज तासाभरात जायची. झोप मात्र मला कधीच आली नाही.

ती सुषमाला यायची. भर दुपारी, भाजी निवडता निवडता. आधी आम्ही हसलो. मग मी गोळीच्या आणि तिने झोपेच्या वेळा लिहून ठेवल्या, तर त्या दर वेळी जुळल्या. डॉक्टर म्हणाले, योगायोग.

आता खरं सांगते. सुषमावर मी लहानपणापासून जळते. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोहे घेऊन आलेल्या तिलाच मागणी घातली होती. मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर घासतेय, आणि कायम नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं तेही तिलाच.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "ताई, बारा वाजेपर्यंत गोळी घेऊ नको वं. तेवढं कर माह्यासाठी."

मी हो म्हटलं. आणि साडेदहाला गोळी घेतली. अंगावर काहीही उठलेलं नव्हतं.

सुषमा मुलाखतीच्या खुर्चीतच पेंगली. त्यांनी तिला पाणी दिलं, थोडं थांबले, मग पुढच्या उमेदवाराला बोलावलं. तेव्हा मी इकडे टक्क जागी, गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

संध्याकाळी तिने विचारलं, तेव्हा खाज सहनच होत नव्हती अशी थाप मारली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मंग, आता बरं वाटून राह्यलं ना तुले?"

त्यानंतर मी गोळी बंद केली. रक्त येईस्तोवर खाजवत बसायची. हे आईकडून तिला कळलं असावं, कारण आता दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो. "ताई, आज मले कुठी जायचं नाही. घेऊन टाक गोळी, मी चटई टाकली."

मी घेते. खाज जाते, तिकडे ती झोपते. हे कसं होतं ते मला अजूनही सांगता येत नाही... पण तिला असं वागणं जमतं कसं, याचाच आता मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो.