पाठमोरी बाई

आमच्या जिल्ह्यातल्या एका लहान संग्रहालयाने मला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. मी शिल्पकार. बडोद्याला शिकले आणि परत येऊन तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ, आमच्या खेड्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मातीकाम करत होते. चिंचपाड्याकडचा एक म्हातारा आणि मी, दोघांनी मिळून दालनातच, लोकांच्या देखत एक लाकडी खांब घडवायचा, असं ठरलं होतं. म्हातारा मेलेल्यांचे खांब कोरायचा. त्याच्या लोकांत माणूस गेला की काही काळाने गावाबाहेर त्याचा खांब उभा करतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडा, आणि त्या माणसाची एखादी खूण. कुणाची बंदूक, कुणाचं घड्याळ, हल्ली मोटारसायकलसुद्धा.

पहिल्या दिवशी सागाचा ओंडका दालनात मधोमध आणून ठेवला. म्हाताऱ्याने त्याच्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "कोण मेलं?"

तिथले अधिकारी हसले. "बाबा, कुणी मेलेलं नाही. हा नमुना आहे. लोकांना बघायला."

"मग मी काय कोरू?"

तीन दिवस तो ओंडक्याशेजारी नुसता बसून राहिला. शाळांच्या सहली येत, मुलं त्याच्याकडे बघत, गुरुजी म्हणत, "हे कलाकार आहेत," आणि पुढच्या दालनात नेत. अधिकाऱ्यांची चिडचिड सुरू झाली. म्हाताऱ्याला परत पाठवतील असं वाटायला लागलं, म्हणून चौथ्या दिवशी मी म्हटलं, "माझा भाऊ गेलाय. दोन वर्षं झाली."

काम अडू नये म्हणून मी ते बोलले. दुसरं कारण नव्हतं, हे कबूल करायला हवं.

"तुमच्यात खांब करत नाहीत," तो म्हणाला.

"नाही करत. पण तू कर."

तो सगळ्यांनाच 'तू' म्हणायचा, मग मीही म्हणू लागले. त्याने वाकस उचलला आणि साल काढायला सुरुवात केली.

माझी पद्धत आधी रेखाटनं करायची. मी कागदावर भावाचा चेहरा काढला, नाक-डोळे जमवले. त्याने कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. त्याची पद्धत विचारण्याची होती. तासभर तासायचा, मग एक प्रश्न. तो काय खायचा? कुठल्या हाताने काम करायचा? बैल होते का? रागावला की काय करायचा? मी उत्तरं देत गेले आणि मला कळत गेलं, की बडोद्याच्या वर्षांतला माझा भाऊ मला ठाऊकच नव्हता. रागावला की काय करायचा, हे मी सांगू शकले नाही. मी काहीतरी बनवून सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिथे काहीच कोरलं नाही. ती जागा आजही सपाट आहे.

दुसऱ्या महिन्यात त्याने विचारलं, "कसा मेला?"

"तापीवर. मोटरीचा शॉक लागून."

"जवळ कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"का नव्हतं?"

दालनात तेव्हा आम्ही दोघंच होतो. दुपारची वेळ होती. मी पटाशीला धार लावत होते, ती खाली ठेवली. दोन वर्षांत कुणालाही न सांगितलेलं मी त्याला सांगितलं. लाइट गेलेली होती. मोटर गाळाने अडकली होती, ती काढायला भाऊ नदीत उतरणार होता. स्टार्टरच्या पेटीला ऑटो लावलेला, लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, म्हणून पेटीपाशी लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं. तो शेडच्या दारात येऊन म्हणाला, "ताई, जरा पेटीपाशी उभी ऱ्हाय." माझ्या हाताखाली ओल्या मातीचं डोकं होतं, काम कानाशी आलेलं. मी मान न वळवता म्हटलं, "दहा मिनिटं थांब." तो थांबला नाही. मी गेले तेव्हा लाइट आलेली होती.

तुला माफ आहे, असं काहीतरी म्हातारा म्हणेल अशी मला आशा होती. तो उठला, बाहेर जाऊन बिडी ओढून आला आणि पुन्हा कामाला लागला.

आठवड्याने खांबाच्या तळाशी नदीच्या रेघा आल्या, त्यांत हात वर केलेला माणूस आला, आणि काठावर एक बाई. पाठमोरी. बसलेली, मान खाली.

"हे काढून टाक," मी म्हटलं.

"लाकडातून काढलेलं परत घालता येतं का?" त्याने विचारलं.

खांबाच्या उद्घाटनाला मी आईला आणलं. आणायला नको होतं. हा तुझ्या मुलाचा खांब आहे, एवढंच मी तिला सांगितलं होतं. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'स्मृतिखांब, पारंपरिक शैली.' भावाचं नाव नाही, म्हाताऱ्याचंही नाही. भाषणं चालू असताना आई खांबाजवळ गेली. तिने वरून खाली हात फिरवत आणला. पहारेकरी म्हणाला, "मावशी, हात लावू नका." तिने हात काढला नाही. तळाशी येऊन ती थांबली.

"हाई बाई कोण शे?"

मी शेजारच्या पाटीकडे बघू लागले.

"तू व्हती का तठे?"

"नाही. नव्हते. त्याने बोलावलं होतं."

मग तिथेच, टाळ्या वाजत असताना, मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती, ती पुढे एका अनोळखी बाईजवळ जाऊन बसली.

त्या दिवसाला चार वर्षं झाली. आम्ही एकाच घरात राहतो. ती माझं ताट वाढते, ताप आला तर कपाळावर पट्टी ठेवते. पण शेडमध्ये पाऊल टाकत नाही, आणि भावाविषयी माझ्यासमोर एक शब्द काढत नाही. मीही माणसाचं डोकं पुन्हा केलं नाही. शाळांच्या गणपतीच्या मूर्ती करते, पुतळ्यांची डागडुजी करते.

म्हातारा गेल्या वर्षी वारला. मला महिन्याने कळलं. त्याच्या मुलाला मी विचारलं, बापाचा खांब कोण कोरणार? तो म्हणाला, "कोरणारा तोच होता."

खांबाला पावसाळ्यात भुंगा लागला. संग्रहालयाने तो औषध मारून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या गोदामात आडवा ठेवला आहे. फायबरची प्रतिकृती कराल का, असं मला विचारलं होतं. मी मूळ खांब मागायला तीन अर्ज केले. नोंदवहीत चढलेली वस्तू बाहेर देता येत नाही, असं उत्तर आलं.

मागच्या महिन्यात आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "उभा शे ना तो?"

मी म्हटलं, "हो. उभा आहे."