चार कॉइलची शेगडी

कुणी घरातली अडगळ काढली की माझ्या दादाला ती आईच्या उपयोगाची वाटते. सूसला त्याच्या सोसायटीतलं एक कुटुंब परदेशी निघालं आणि त्यांच्या स्वयंपाकघरातली विजेची शेगडी रिकामी झाली. शेगडी म्हणजे काखेत मारून न्यायची नव्हे. वर चार कॉइल, खाली ओव्हन, समोर बटणांची रांग, उंची माझ्या कमरेच्या वर. टेम्पोतून उतरवताना गावातल्या चार गड्यांनी तिला आणि दादाला आळीपाळीनं शिव्या घातल्या. ती उतरली आमच्या माहेरी. माहेर म्हणजे धरणाच्या पुढे, ताम्हिणीकडे जाताना रस्त्याच्या वरच्या अंगाला असलेलं घर, मागे गोठा, गोठ्यात एक गाय आणि या सगळ्याची एकटी मालकीण माझी आई.

शेगडी आणण्याचं कारण मात्र अडगळीचं नव्हतं. हिवाळ्यात आईला ताप आला आणि तो जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाही येणार. आईनं त्यातलं "येईल" तेवढं ऐकलं आणि पुढच्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं, "आलाय की. येतुया मला समदा वास." आम्ही विश्वास ठेवला. मग एकदा दादा आणि मी बरोबर गेलो, तर अंगणातच गॅसचा वास. आत आई उघड्या बटणाशेजारी पाट टाकून तांदूळ निवडत बसलेली, आणि काडेपेटी हाताशी. दादानं बटण बंद केलं, सिलिंडर सोडवला आणि गाडीच्या डिकीत घातला.

"आता तू सूसला चल," तो म्हणाला.

"आन् गाय? तिला काय लिफ्टनं न्यायची?" आई म्हणाली.

यावर दोघं बराच वेळ भांडली. मी मधे बोलायला गेले की दोघं मिळून माझ्यावर. शेवटी ठरलं ते असं : घरात पुन्हा गॅस येणार नाही. विजेवर स्वयंपाक नीट जमला तर आई इथं राहील. नाही जमला किंवा तिच्याकडून आणखी एखादी अशी चूक झाली, तर गाय विकायची आणि आई तिसऱ्या मजल्यावर. इंडक्शनवर आईची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली तापेनात, म्हणून ही शेगडी.

ती ओट्यात बसेना. ओट्याच्या बाजूला लावली तर फ्रीजमुळे ओव्हनचं दार अर्धंच उघडे. आई म्हणाली, बरं झालं, आणि मांजरापासून वाचवायला भाकरीचं टोपलं त्या अर्ध्या दारातून आत सारलं. ओव्हनचं बटण मी चिकटपट्टीनं बंद करून टाकलं. इतकी मोठी वस्तू घरात येऊन तिचं पहिलं काम कपाटाचं निघालं, यावरूनच मला पुढचा अंदाज यायला हवा होता.

फिटिंगवाला मी दिला. माझं सासर घोटावड्याचं, हा तिथलाच, माझ्या दिराच्या वर्गातला. मी त्याला भाऊजी म्हणते, तो मला वहिनी म्हणतो, आणि या नात्यामुळे मला त्याला तोंडावर काही बोलता येत नाही. तिसऱ्या फोनला तो आला. मीटरपासून जाडजूड वायर ओढली, शेगडीला वेगळा स्विच दिला आणि त्याच्याजवळ एक छोटा डबा लावला. करंट कुठं गळायला लागला तर हा डबा माणसाला झटका बसायच्या आत घरातली लाइट घालवतो. मागल्या दारी खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. काम चांगलं केलं, हे खोटं कशाला बोलू.

मग उद्घाटन. आईनं शेगडीला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि पहिल्या कॉइलवर गाईच्या दुधाचं पातेलं ठेवलं. आमच्याकडे नव्या चुलीवर दूध उतू घालवल्याशिवाय दुसरं काही शिजत नाही. आम्ही सगळे पातेल्याकडे बघत उभे राहिलो. दूध वर आलं, काठावरून सांडलं, कॉइलवर चुर्र झालं आणि आम्ही हात जोडले. फिटिंगवाल्यानंही जोडले. उरलेल्या दुधाचा चहा सगळ्यांनी घेतला. आपण विजेच्या वस्तूवर वाटीभर दूध ओतून वर तिला नमस्कार करतोय, हे त्या घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "तुज्या भाऊजीनं लाइट घालवली."

मी भाऊजींना घेऊन माहेरी गेले. तोपर्यंत शेगडी सुकली होती, पण ते सुकणं-बिकणं कुणाला ठाऊक? त्यांनी डब्याचा खटका वर केला, बटण फिरवलं, कॉइल लाल झाली. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, अर्थिंग कोरडं पडलंय."

बाहेर भादव्याचा पाऊस. आमच्याकडचा पाऊस म्हणजे पन्हाळीखाली उभं राहिल्यासारखा. त्या पावसात छत्री धरून भाऊजींनी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. मी दारातून बघत होते आणि नात्याकडे बघून गप्प होते.

चार-पाच दिवस बरे गेले, की पुन्हा फोन. या वेळी व्होल्टेज. त्याच्या पुढच्या वेळी वायरला उंदीर. उंदीर नाही सापडला, तर भिंतीला ओल. प्रत्येक वेळी भाऊजी पोचले की शेगडी शहाण्यासारखी चालायची आणि त्यांनी पाठ फिरवली की काही दिवसांत रुसायची. मी वैतागून कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. गाणं ऐकवून ऐकवून एक मुलगी लाइनवर आली आणि हिंदीत म्हणाली, मॅडम, प्लग काढा आणि थोडा वेळ थांबा. मी म्हटलं, बाई, या शेगडीला प्लग नाही, आणि थांबण्याखेरीज आम्ही दुसरं काही करत नाही आहोत. तिनं मला फोन चांगला वाटला का ते विचारलं.

या सगळ्यात आईनं काय केलं? शेजारणीकडून सिलिंडर मागून आणला. शेजारणीच्या मुलानं ते दादाला सांगितलं आणि दादा जो भडकला तो माझ्यावरच. "तुझा फिटिंगवाला, तुझा लाड. दसऱ्यापर्यंत बघतो. नंतर गाईला गिऱ्हाईक आणणार म्हणजे आणणार."

मी आईला फोन केला. चिडले की माझी भाषा आपोआप माहेरची होते. "तुला सांगितलं व्हतं ना गॅस न्हाई आणायचा? कळत न्हाई का तुला?"

"शेगडी पेटंना त्याला मी काय करू? मला वास येतुया. काय मरत न्हाई मी."

"येतुया, येतुया! डोंबल येतुया!"

तिनं फोन ठेवला. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी बॅग भरून राहायलाच गेले. म्हटलं, ही अवदसा काय करते ते डोळ्यांनी बघते.

पहिल्या दिवशी शेगडीनं काही केलं नाही. मी भात केला, आमटी केली, भाकरी केल्या. भाकरी कॉइलवर फुगवायला जाळ नाही, तर आई फडक्याचा बोळा करून तव्यावरच दाबत होती आणि प्रत्येक भाकरीला दादाचं नाव घेत होती. शेगडी गुणी बाळासारखी. मला शेगडीचाच राग यायला लागला. भाऊजी येतात तेव्हाही ती अशीच वागायची, आता माझ्यासमोर तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दूध तापत ठेवलं आणि मी न्हायला गेले. मोरी गोठ्याच्या बाजूला. केस पुसत बाहेर आले आणि मला करपल्याचा वास आला. दूध करपल्याचा वास लपत नाही. गोठ्यापर्यंत आला होता, म्हणजे घरात किती असेल. मी धावत मागल्या दारी गेले आणि दारातच थांबले.

आई पुढच्या उंबऱ्याजवळ शेगडीकडे पाठ करून चवळीची पालेभाजी निवडत बसली होती. तिच्या मागे पातेल्यातून दूध ओघळत होतं, कॉइलवरून धूर निघत होता, आणि आई एकेक पान खुडून सुपात टाकत होती. मान वळवण्याइतकंही तिला काही जाणवत नव्हतं. ती बारीक आवाजात काही गुणगुणत होती.

मग पंखा थांबला. आईनं वर पंख्याकडे पाहिलं. शेगडीकडे नाही, पंख्याकडे. "गेली बग तुज्या भाऊजीची लाइट," मी मोरीतच आहे असं समजून ती मोठ्यानं म्हणाली, आणि उठून वळली, तेव्हा तिला दूध दिसलं आणि दुधामागे मी दिसले.

तिचा चेहरा क्षणभर इतका घाबरा झाला की मला तो आजही आठवतो. मग तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "म्या मुद्दाम घातलं उतू. बंद पडून चालू झाली म्हंजी नवी शेगडीच की. करावं लागतं."

"दर येळंला?"

"व्हय. दर येळंला."

आणि मी इतकी चिडले, इतकी चिडले की सांगता येत नाही. महिनाभर आम्ही खड्ड्यात पाणी ओतलं, उंदीर शोधले, कंपनीला फोन केले, आणि इथं दर आठवड्याला शेगडीत दूध जात होतं. मी ओरडत होते आणि ओरडता ओरडता मला कळत होतं की मी शेगडीवर ओरडतच नाहीये. आई खोटं बोलत होती, मला ते दिसत होतं, आणि मला ते दिसतंय हे तिला दिसत होतं. पहिल्या दिवशीचं दूध रिवाजाचं होतं. पुढचं सगळं, तिला वास आला नाही म्हणून. गाय, घर, अंगण, सगळं त्या एका वासावर टांगलेलं होतं, आणि तो वास कधी परत आलाच नव्हता. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

मी भाऊजींना फोन केला आणि नातं बाजूला ठेवून सांगितलं, आज शेगडी उघडायची, वरवर बघायची नाही. त्यांनी कॉइल उपसून काढल्या. खाली करपलेल्या दुधाचा थर. कॉइलच्या टोकांना, वायरच्या सॉकेटला, सगळीकडे तपकिरी खरवड. भाऊजींनी पानं चाळावीत तसे ते पापुद्रे काढले आणि म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, कुठंतरी ओल आहे म्हणून?"

तेवढ्यात दादाचा फोन. मी स्पीकरवर टाकला, कारण माझे हात दुधानं बरबटलेले होते. भाऊजींनी उत्साहानं सांगून टाकलं, "सापडलं हो! दूध गेलंय आत."

मग दादा म्हणाला, "दूध कुणी सांडलं?"

आई ओट्याला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती. पालेभाजीनं तिची नखं हिरवी झाली होती.

"मी," मी म्हटलं. "मी येते तेव्हा घालते उतू. शेगडी बंद पडून चालू झाली की पुन्हा शुभ करावं म्हणून."

"तू? दर वेळी?"

"हो. दर वेळी."

दादानं मला पंधरा पिढ्यांच्या अंधश्रद्धेबद्दल ऐकवलं. कॉलेजात गेलेली बाई, म्हणे. वायफळ खर्च, म्हणे. मी ऐकून घेतलं. मी बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. उद्या काही झालं तर ते माझ्या डोक्यावर, हे मला माहीत आहे, आणि त्या भीतीनं कधी कधी मी भरल्या ताटावरून उठते. पण त्या वेळी माझ्या तोंडून दुसरं काही निघालं नाही.

भाऊजी गेल्यावर मी पौडला जाऊन शिट्टीचा दुधाचा कुकर आणला. दुहेरी भिंतीचा, मधे पाणी घालायचं, दूध तापलं की तो शिट्टी मारतो. आईनं तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"ह्यात दूध उतू जात न्हाई?"

"न्हाई."

"मग शुभ कसं व्हायचं?"

"आई, पुरे झालं शुभ."

दसरा झाला. गाय गोठ्यातच आहे, तिला आपट्याचं पान मिळालं. शेगडी चालते आहे, ओव्हनमध्ये भाकरीचं टोपलं आहे. मात्र मी एक अट घातली : रोज सकाळी दूध ठेवलं की मला फोन लावायचा आणि शिट्टी होईपर्यंत तो ओट्यावर चालू ठेवायचा. आई कुरकुरली, पण लावते. आम्ही फारसं बोलत नाही. तिकडून गाईचं हंबरणं ऐकू येतं, भांड्यांचे आवाज येतात, माझ्याकडे डबे भरणं चालू असतं. मग शिट्टी होते आणि मी, माझा स्वभावच तसा, दर वेळी फोनमध्ये ओरडते, "आई, बंद कर! शिट्टी झाली!"

परवा ती तिकडून तितक्याच जोरात खेकसली, "आलंय ऐकू मला! नाक गेलंय माजं, कान न्हाई!"