सत्तेचाळीस नंबरचा पुठ्ठा

देवाजी,
नमस्कार. सत्तेचाळीस नंबरचा फोटो तुम्ही धुऊन ठेवलात, त्याला या जानेवारीत बारा वर्षं होतील. पाकीट अजून तुमच्याकडे असेल तर मी येते. नसेल तर तसं एका ओळीनं कळवा. आणि त्या दिवशी माझ्यासाठी तुम्ही जे खोटं बोललात...

इथं प्रेमलताचं पेन अडलं. एरवी शाळेतल्या मुलींच्या निबंधांवर लाल रेघा ओढताना हे पेन कधी अडत नसे.

देवाजीचा फोटो स्टुडिओ लकडगंजात होता, दोन आरा गिरण्यांच्या मधे. लाकडाचा भुसा निगेटिव्हवर बसू नये म्हणून अंधाऱ्या खोलीच्या दाराला तो ओलं गोणपाट लावायचा आणि दर तासाला त्यावर तांब्याभर पाणी मारायचा. सातवी शिकलेला सुताराचा मुलगा, पण डोकं असं की पदवीवाल्यांनी ऐकत बसावं. लग्नाच्या अल्बमात साठ फोटो. फोटोचा चांगला कागद मिळायची मारामार. आणि लोक पाहतात काय? पहिली तीन पानं नीट, मग आपापलं तोंड शोधत भराभर पानं उलटायची. हे त्यानं घरोघरी बसून पाहिलं होतं. म्हणून तो पहिली तीन पानंच धुऊन, चिकटवून द्यायचा. पुढच्या पानांवर फोटोच्या जागी करड्या पुठ्ठ्याचे तुकडे. अगदी फोटोच्याच मापाचे, म्हणजे नंतर फोटो बसवताना पान विस्कटायला नको. पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं निगेटिव्हचा नंबर.

"त्या पानावर याल तवा चिठ्ठी पाठवा," तो सांगायचा. "दोन दिवसांत फोटो हजर."

चिठ्ठी एका पानाची आली तरी तो त्याच्या पुढचंही पान धुऊन ठेवायचा. "पान उलटणाऱ्या हाताले थांब म्हनता येते का जी?"

प्रेमलताचं लग्न एकोणसत्तर सालच्या जानेवारीत झालं. सासर धरमपेठेतलं, सासरे वकील. तिची आई जिजाबाई काटोलच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या भरायची. वडील केव्हाच गेलेले. त्याच पेट्यांवर प्रेमलता बी.ए. झाली होती. लग्नात मात्र जिजाबाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना काळा कोट चढवून आली. कोपरावर ठिगळ, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. वकिलांकडच्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. फोटोच्या वेळी जिजाबाई ऐन मधोमध येऊन उभी राहिली, सैनिकासारखी ताठ. तो सत्तेचाळीस नंबर.

आठव्या दिवशी प्रेमलता एकटी स्टुडिओत गेली.

"सत्तेचाळीस राहू द्या. मी सांगेपर्यंत धुवायचा नाही."

"ताई, त्याच्यात तर तुमच्या आई हायेत."

"म्हणूनच."

देवाजीनं वर पाहिलं नाही. नंबरापुढं फुली मारली. बस.

बाकीची पानं हळूहळू भरत गेली. सासूबाई पाहुण्यांना अल्बम दाखवायच्या; शेवटाकडच्या एका पानावर एक करडा चौकोन राहिला. "हा यायचाय," प्रेमलता म्हणायची. काटोलहून जिजाबाई आली की तेच उत्तर तिलाही. "येतो गं आई, शाळेतून वेळच होत नाही." दोन वर्षं.

मग एक दिवस दुपारी जिजाबाई दारात उभी. पायांवर धूळ, पदराला लाकडाचा भुसा.

"अवं, त्या देवाजीले काही बोलू नको हं," पाणी पिण्याआधी तिनं हेच सांगितलं. "लय गरीब मानूस. म्हने, माय, निगेटिव माह्याच हातून खराब झाली, चूक माही हाये. कान पकडले वं त्यानं माह्यापुढं! मलेच लाजल्यासारखं झालं."

"तू तिथं गेलीसच कशाला?"

"काहून? तुले शाळा सुटून नाही राहिली. मी म्हटलं, मीच पाहून येतो."

"एवढं काय त्या फोटोचं?"

"माह्या थोबाडाचं काय करतं? कोटासाठी वं. तुह्या बापाचा एक फोटो नाही घरात. म्हटलं, त्याचा कोट तरी लेकीच्या लग्नात उभा राहीन." मग तिनं पिशवी उलटी केली. "जाऊ दे. संत्री आनली, खा."

प्रेमलतानं संत्रं सोललं. निगेटिव्ह धडधाकट आहे, हे एक वाक्य त्या क्षणी बोलता आलं असतं. पण मग फुली कुणी मारायला लावली तेही सांगावं लागलं असतं. बी.ए. झालेली बाई संत्र्याच्या साली गोळा करत बसली.

चौथ्या दिवशी शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. ४७ धुतला. पाकिटात ठेवला आहे. चिठ्ठी पाठवू नका, स्वतः या.

पहिल्यांदाच त्यानं गिऱ्हाइकानं नको म्हटलेला फोटो धुतला होता. जायचं म्हणजे त्या माणसासमोर उभं राहायचं, ज्यानं तिच्या आईपुढं तिच्यासाठी कान धरले. या शनिवारी नको, पुढच्या. मग परीक्षा आल्या. मग उन्हाळा. जिजाबाई त्यानंतर चौदा महिने जगली. तिनं फोटोचं नाव पुन्हा काढलं नाही. खराब झालेल्या गोष्टीचं काय विचारायचं? काटोलच्या घरात तेराव्याला भिंतीवर लावायला कुणाचाच फोटो नव्हता. शेजारची रुखमाबाई म्हणाली, "प्रेमा, तुह्या लग्नात तर काढला होता ना?"

"खराब झाला," प्रेमलता म्हणाली. देवाजीचंच खोटं, त्याच्याच शब्दांत.

आता, इतक्या वर्षांनी लिहायला घेतलेलं ते अर्धं पत्र तिनं घडी करून अल्बमात ठेवलं, करड्या चौकोनावर. शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा लकडगंजाची बस समोरच उभी होती, रिकामी. प्रेमलता पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेली आणि धरमपेठेच्या बसमध्ये चढली. पाकीट याही शनिवारी आणायचं राहिलं.